दूत, जागले आणि हमाल : बायबलातील देवदूतांचे प्रकार



2019 च्या ऑगस्टात कृष्णेचे पाणी सांगली शहरात शिरले. घरांच्या माळ्यांवर अडकलेल्या माणसांना होड्यांतून बाहेर काढणाऱ्या जवानांना आणि गावच्या पोरांना त्या आठवड्यात सर्व वर्तमानपत्रांनी एकच विशेषण लावले : ‘देवदूत’. अपघातात रक्त देणारा देवदूत, रात्री-अपरात्री दार उघडणारा डॉक्टर देवदूत. हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की तो कोठून आला, याची चौकशी कोणी करीत नाही. आमच्या पुराणांत यमदूत आहेत, विष्णुदूत आहेत. अजामिळाच्या कथेत दोघांची जुंपलेली आपण ऐकली आहे. पण नुसता ‘देवदूत’ आज ज्या अर्थाने आपण वापरतो, तो मुख्यतः बायबलाच्या मराठी भाषांतरांनी आपल्या तोंडी बसविला. तेव्हा ही मंडळी मूळची कोण, किती प्रकारची, आणि त्यांच्यात लहानमोठेपणा कोणी लावला, हे पाहण्याचा आज विचार आहे. आम्ही धर्मपंडित नाही. आमचे शिकणे युनियनच्या कचेरीत, मोर्च्यामोर्च्यांच्या मधल्या वेळात झाले. त्यामुळे आमची नजर जाते ती कोण काय काम करतो, कोणाच्या हुकमाने करतो, आणि त्याला काय मिळते, इकडेच. तो दोष मानावयाचा तर मानावा.

आरंभ शब्दापासूनच केला पाहिजे. जुना करार हिब्रू भाषेत आहे. तेथे शब्द आहे ‘मलाख’. मलाख म्हणजे निरोप्या, जासूद. याकोब आपल्या भावाकडे, एसावाकडे, माणसे पाठवितो ती मलाख. राजे एकमेकांकडे वकील पाठवितात ते मलाख. आणि देव पाठवितो तोही मलाखच. नव्या कराराच्या ग्रीक भाषेत ‘अँगेलोस’. त्याचाही अर्थ तोच. पुढे लॅटिन भाषांतरकारांनी मात्र वाटणी केली. माणसाच्या निरोप्याला एक शब्द ठेवला आणि देवाच्या निरोप्यासाठी ग्रीक शब्द जसाच्या तसा उचलून ‘अँजेलस’ केला. त्या दिवसापासून युरोपात देवाचा जासूद ही एक निराळी जात ठरली. इंग्रजी माणसाला ‘एंजल’ म्हटल्यावर निरोप आठवत नाही, पंख आठवतात. मराठी भाषांतरकारांनी ‘देवदूत’ हा शब्द घेतला त्यात ‘दूत’ शिल्लक राहिला. या बाबतीत आपली मराठी इंग्रजीपेक्षा मुळाच्या अधिक जवळ आहे. गोव्याचे ख्रिस्ती लोक कोंकणीत ‘आंज’ म्हणतात, तो पोर्तुगीज ‘आंजो’वरून आलेला.

मराठेशाहीत जासूद हे खातेच होते. जासूदाचे नाव कागदावर क्वचितच येते. ‘जासूदाबरोबर पत्र पाठविले, पावले’ एवढेच. बायबलाच्या जुन्या भागात नेमके हेच दिसते. निरोप पोहोचला की निरोप्या दिसेनासा होतो. त्याला नाव नाही, रूपाचे वर्णन नाही. शिमशोनाच्या बापाने एका दूताला नाव विचारले, तर त्याने सांगितले नाही.

आता हा दूत बायबलात पहिल्याने कोणाकडे येतो? राजाकडे नव्हे, पुरोहिताकडे नव्हे. उत्पत्तीच्या 16 व्या अध्यायात तो येतो हागारेकडे. हागार ही मिसर देशची दासी, साराय हिच्या घरची मोलकरीण. मालकिणीला मूल नाही म्हणून मालकिणीनेच तिला नवऱ्याच्या स्वाधीन केले, आणि दिवस राहिल्यावर तिचा छळ मांडला. हागार पळाली. रानात पाण्याच्या झऱ्यापाशी दूताने तिला गाठले आणि विचारले, तू कोठून आलीस, कोठे चाललीस? बायबलात ‘परमेश्वराचा दूत’ हा शब्द येथे पहिल्यांदा येतो, आणि तो एका पळालेल्या मोलकरणीच्या वाट्याला येतो. ही गोष्ट आम्हाला प्रथम वाचली तेव्हापासून सोडीत नाही. पण पुढचेही सांगितले पाहिजे. दूत तिला सांगतो, परत जा आणि मालकिणीच्या हाताखाली राहा. होणाऱ्या मुलाबद्दल मोठे आश्वासन देतो, पण परत पाठवितो! धर्मशास्त्रज्ञांनी या वाक्याचे पुष्कळ समर्थन केले आहे. ते आमच्या गळी उतरत नाही. घरकामाला असलेल्या आमच्या ज्या बायका संघटनेत आल्या, त्यांना ही कथा सांगितली, तर एक म्हणाली, ‘निरोप मालकाकडूनच आला असणार.’ उत्तर फटकळ आहे. परंतु निरोप्याला निरोप बदलण्याचा अधिकार नसतो हे तिने बरोबर ओळखले होते.

याच हागारेला पुढे 21 व्या अध्यायात पोरासह घराबाहेर काढले जाते. चामड्याच्या थैलीतले पाणी संपते, ती पोराला झुडपाखाली टाकून दूर जाऊन बसते, आणि तेथे पुन्हा दूताची हाक येते आणि विहीर दिसते. मुसलमान बांधवांत हीच हाजरा, आणि तिचे पाणी ते झमझम. मिरजेहून वा साताऱ्याहून हजला गेलेला प्रत्येक यात्रेकरू सफा आणि मर्वा या टेकड्यांमध्ये सात वेळा जातो-येतो तो या बाईच्या धावपळीच्या स्मरणार्थ. लाखो लोक एका दासीच्या पावलांवर पाऊल टाकून धावतात, अशी दुसरी यात्रा जगात आम्हाला ठाऊक नाही.

दूताला माणसापासून वेगळे ओळखण्याची खूण या कथांत नाही. अब्राहामाच्या तंबूशी भर दुपारी तीन माणसे येतात. तो त्यांचे पाय धुवावयास पाणी देतो, भाकरी भाजवितो, वासरू कापवितो. मागाहून कळते की पाहुणे साधे नव्हते. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात याच कथेचा आधार घेऊन सांगितले आहे की, परक्याचे आतिथ्य करीत जा, नकळत कित्येकांनी देवदूतांना जेवू घातले आहे. हे वाक्य सातारा-सांगलीच्या माणसाला समजावून सांगावे लागू नये. 1943 ते 1946 या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार याच मुलखात चालले. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. 1949 साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 साली त्याचे नाव सांगली पडले. त्या काळातल्या म्हाताऱ्या आम्हाला सांगत : रात्री कडी वाजायची, दोघे-तिघे उभे असायचे, नाव विचारायचे नाही, भाकरी-कोरड्यास द्यायचे, आणि उजाडायच्या आत ते गेलेले असायचे. एवढ्यावरून भूमिगतांना आम्ही देवदूत ठरवीत नाही. त्यांच्यातले पुष्कळसे देव मानीत होते की नाही, हाही प्रश्नच आहे. पण अब्राहामाच्या दाराशी आलेली माणसे कशी दिसत असतील हे आम्हाला या म्हाताऱ्यांच्या बोलण्यावरून कळले.

दूत सर्वांनाच दिसतो असेही नाही. गणनेच्या पुस्तकात बलाम नावाच्या द्रष्ट्याची गोष्ट आहे. एका राजाने त्याला शाप देण्याच्या सुपारीवर बोलाविले. गाढवीवर बसून तो निघाला. वाटेत तरवार उपसून दूत उभा. गाढवीला दिसला, या द्रष्ट्याला नाही! ती बाजूला सरली, तिने मार खाल्ला. भिंतीला घासली, मार खाल्ला. शेवटी खाली बसली, पुन्हा काठी. तेव्हा गाढवीला वाचा फुटली आणि तिने विचारले की, मी तुझे काय बिघडविले म्हणून तू मला तीनदा मारलेस? आजवर माझ्यावर बसत आलास, मी कधी अशी वागले का? नोकरीची वर्षे, आजवरची वर्तणूक आणि शिक्षेचे कारण, तिन्ही मुद्दे आले. याहून नीट लिहिलेली तक्रार आम्ही फार थोड्या पाहिल्या आहेत.

एवढ्या सगळ्या मंडळींत पंख कोणालाच नाहीत. याकोबाला स्वप्नात पृथ्वीपासून स्वर्गापर्यंत लागलेली शिडी दिसते आणि तिच्यावरून दूत चढत-उतरत असतात. पंख असते तर शिडी कशाला? ख्रिस्ती चित्रकलेतही पहिली तीन शतके देवदूत साध्या माणसासारखा काढीत. रोमच्या भुयारांतली चित्रे तशी आहेत. चौथ्या शतकापासून त्याला पंख फुटले. ते ग्रीक-रोमनांच्या विजयादेवीवरून आले असावेत असे विद्वान मानतात. भेटकार्डांवरची ती गुबगुबीत उघडी बाळे तर फारच अलीकडची. युरोपच्या पुनरुज्जीवनकाळातील चित्रकारांनी रोमनांच्या मदनबाळांवरून ती उचलली, आणि गंमत अशी की इंग्रजीत त्यांना नाव मिळाले ‘चेरब’. मूळचा करूब ज्याने पाहिला असता तो या बाळांकडे पाहून हसला असता.

करूब हा बायबलातील दुसरा प्रकार, आणि तो दूत नव्हे. तो निरोप नेत नाही. तो राखण करतो आणि ओझे वाहतो. आदाम-हव्वेला बागेतून हाकलल्यावर वाटेवर करूब बसविले. कराराच्या कोशाच्या झाकणावर सोन्याचे दोन करूब होते. शलमोनाने यरुशलेमच्या मंदिरात गाभाऱ्यात जैतुनाच्या लाकडाचे, सोन्याने मढविलेले दोन करूब उभे केले. प्रत्येकाची उंची दहा हात आणि पंखांचा विस्तारही दहा हात. बाबिलोनात बंदी म्हणून नेलेल्या यहेज्केल संदेष्ट्याला ते दिसले त्यांना चार-चार तोंडे होती : माणसाचे, सिंहाचे, बैलाचे आणि गरुडाचे. त्यांच्या शेजारी चाकांत चाके, आणि डोक्यावर देवाचे सिंहासन. स्तोत्रांतही देव करुबावर बसून जातो. आपल्याकडे गरुड आणि नंदी आहेत तसेच हे काम.

हे प्राणी यहुद्यांनी कोठे पाहिले? एकोणिसाव्या शतकात ऑस्टिन लेयार्ड या इंग्रजाने 1845 पासून इराकात निमरुद येथे उत्खनन केले, तेव्हा असीरियाच्या राजवाड्यांच्या दारांशी माणसाच्या तोंडाचे, बैलाच्या वा सिंहाच्या अंगाचे, गरुडाच्या पंखांचे प्रचंड दगडी राखणदार सापडले. करुबाची कल्पना या वा अशा मूर्तींच्या मुलखातली आहे, असे मत त्यानंतर बळावले. या इतिहासात आपली मुंबईही येते. निमरुदचे शिल्पपट तराफ्यांवर घालून तैग्रिस नदीतून बसऱ्यास, आणि तेथून जहाजाने मुंबईस येत. मुंबईत दुसऱ्या जहाजात चढवून ते विलायतेस जात. 1848 साली अशा काही पेट्या मुंबईच्या गोदीत पडून होत्या, त्या उघडल्या गेल्या आणि शहरातल्या लोकांनी त्या पाहिल्या. असीरियन राजवाड्यांतील काही कोरीव शिळापट आजही मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. त्यांवरचे पंखवाले पुरुष पाहावयास तिकिटाचे पैसे खर्च करावेत अशी आमची शिफारस आहे. फोर्टात पारशी अग्यारीच्या दाराशी मानवमुखी पंखवाले बैल आहेत. ते अलीकडचे असले तरी घडण तीच.

या पेट्या गोदीत कोणी उतरविल्या आणि कोणी चढविल्या? लेयार्डने आपल्या पुस्तकात बैलाची मूर्ती ओढणाऱ्या शेकडो अरबांचे वर्णन केले आहे. मुंबईच्या गोदीतल्या हमालांचे वर्णन कोणी केलेले आमच्या वाचनात नाही. आता शब्द आलाच आहे तर सांगतो. ‘हमाल’ हा अरबी शब्द. मूळ धातूचा अर्थ ओझे वाहणे. कुराणाच्या 40 व्या सूऱ्यात ‘सिंहासन वाहणारे’ यांचा उल्लेख आहे, आणि 69 व्या सूऱ्यात त्या दिवशी आठजण ते वाहतील असे सांगितले आहे. अरबीत त्यांना ‘हमलत-अल-अर्श’ म्हणतात. म्हणजे सिंहासनाचे हमाल! सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती पाठीवर घेणारा आमचा गडी आणि देवाचे सिंहासन उचलणारा फिरिश्ता यांचा धंदा अरबी भाषेत एकाच धातूने सांगितला जातो. हे आम्ही हमाल पंचायतीच्या एका बैठकीत सांगितले तेव्हा एका वयस्क गड्याने विचारले, ‘आठजण म्हणजे तोलाईचे धरून, का निव्वळ उचलणारे?’ आम्हाला सांगता आले नाही. भाष्यकारांनीही या बाजूने विचार केलेला दिसत नाही.

तिसरा प्रकार सराफीम. हा संबंध बायबलात एकाच ठिकाणी, यशयाच्या 6 व्या अध्यायात येतो. सहा पंख, दोहोंनी तोंड झाकलेले, दोहोंनी पाय, आणि दोहोंनी उडणे. काम एकच, सिंहासनापाशी ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ अशी ललकारी देणे. भालदार-चोपदार म्हटले तर चालेल. नावाचा अर्थ ‘जळणारे’, आणि रानातल्या विषारी सापांनाही हिब्रूत हाच शब्द आहे. तेव्हा मुळात हे पंख असलेले नाग असावेत असा तर्क आहे. मिसर देशात राजाच्या मुकुटावर फणा काढलेला नाग असे, हे ध्यानात घेतले म्हणजे तर्क वाटतो तितका धाडसी नाही.

आतापर्यंत देवाचे दूत, वाहक आणि ललकारी देणारे झाले. पण बायबलातील देव राजा आहे, आणि राजा म्हटला की दरबार आला. ईयोबाच्या पुस्तकात एके दिवशी ‘देवपुत्र’ हजेरीला येतात आणि त्यांत सैतानही असतो. येथे सैतान हे नाव नव्हे, हुद्दा आहे. अर्थ ‘आरोप करणारा’. पृथ्वीवर हिंडून माणसांच्या चुगल्या दरबारात आणण्याचे त्याचे काम. इराणी बादशहाचे ‘राजाचे डोळे’ म्हणविणारे हेर असत, त्यांच्यावरून ही कल्पना आली असावी असे काहीजण म्हणतात. देवाचा शत्रू म्हणून तो पुढे मोठा झाला. मुळात तो सरकारी नोकरच.

दानिएलाच्या 4 थ्या अध्यायात स्वर्गातून ‘ईर’ उतरतो. अरामी भाषेतला हा शब्द. अर्थ ‘जागा असलेला’. इंग्रजांनी त्याचे ‘वॉचर’ केले. आम्ही त्याला सरळ जागल्या म्हणतो. आमच्या गावगाड्यात रात्रीची राखण करणारा जागल्या होता, साताऱ्याच्या किल्ल्यांभोवती रामोशी होते. त्यांना वतन होते, पण शिवाराचा मालक होता येत नव्हते. हनोखाच्या नावावर असलेल्या एका प्राचीन ग्रंथात या जागल्यांच्या बंडाची कथा आहे. इथिओपियाच्या ख्रिस्ती मंडळीखेरीज बहुतेकांनी तो बायबलाबाहेर ठेवला. त्यात 200 जागले हर्मोन डोंगरावर उतरतात, माणसांच्या मुलींशी लग्ने करतात, आणि माणसांना धातू गाळण्याची, हत्यारे करण्याची, रंग व दागिने करण्याची विद्या शिकवितात. त्याबद्दल त्यांना अंधारात बांधून टाकले जाते. गुन्हा दोन प्रकारचा लिहिला आहे, बायका केल्याचा आणि कसब शिकविल्याचा. लोहाराची विद्या ही स्वर्गातून चोरलेली वस्तू, असे मानणारी ही कथा कोणा सुखवस्तू माणसाने लिहिली असावी असा आम्हाला संशय आहे.

शिवाय संहारक आहेच. दावीद राजाने शिरगणती केली म्हणून देशात मरी आली, आणि मरी आणणारा दूत अरवना यबूसी याच्या खळ्यापाशी उभा राहून थांबला. एका खळ्यावर, मळणीच्या जागी! प्लेगाच्या साथीत मरीआईचा गाडा गावाच्या शिवेपार ढकलणाऱ्या आमच्या पणज्यांना हे चित्र पटले असते. त्यांना फक्त एवढेच नवल वाटले असते की, शिरगणती राजाची आणि मरावयाचे रयतेने.

या सगळ्यांना नावे केव्हा मिळाली? इ. स. पू. 586 मध्ये यरुशलेम पडले, यहुदी बाबिलोनात गेले, आणि पुढे इराणचा बादशहा कोरेश याने त्यांना सोडले. देवदूतांची नावे आपल्याबरोबर बाबिलोनातून आली, असे यहुद्यांच्या तालमुदातच नमूद आहे. इराणच्या जरथुश्त्री धर्मातील अमेशास्पेंतांचा येथे परिणाम झाला असावा, असे पुष्कळ अभ्यासकांचे मत आहे. किती झाला यावर मात्र वाद आहे. दानिएलात गब्रिएल आणि मीखाएल येतात. तोबिताच्या पुस्तकात राफाएल येतो, पण ते पुस्तक कॅथलिक मानतात, प्रॉटेस्टंट मानीत नाहीत. म्हणून एकाच धर्मात एकाकडे तीन नावे, दुसऱ्याकडे दोन. ‘आद्यदेवदूत’ हा शब्द तर नव्या करारात फक्त दोनदा आहे. मुंबईत माहीमच्या चर्चमध्ये दर बुधवारी सर्व धर्मांची माणसे रांग लावतात. ते चर्च याच मीखाएलाच्या नावाचे आहे, हे रांगेतल्या किती जणांना ठाऊक असते कोण जाणे.

येथवर पाहिले तर बायबलात प्रकार आहेत, कामे आहेत, पण पायऱ्या नाहीत. पायऱ्या लावल्या त्या पुढे. इ. स. 500 च्या सुमारास कोणी एका ग्रीक लेखकाने, बहुधा सिरियातल्या, पौलाचा शिष्य दियनुस्य याचे नाव धारण करून एक ग्रंथ लिहिला आणि देवदूतांच्या नऊ श्रेणी ठरविल्या. वर सराफीम, करूबीम, सिंहासने. मध्ये अधिपती, सामर्थ्ये, सत्ता. खाली राज्ये, आद्यदेवदूत आणि देवदूत. पौलाच्या पत्रांत सिंहासने, सत्ता वगैरे शब्द ओघात येतात, ते उचलून त्याने माडी रचली. वरच्याने प्रकाश घ्यावा आणि खालच्याला द्यावा, खालच्याने वरच्याला ओलांडून जाऊ नये. ‘हायरार्की’ हा शब्दच या गृहस्थाने घडविला. आज सरकारी कचेरीपासून कारखान्यापर्यंत जो शब्द चालतो, तो प्रथम धर्मश्रेणीसाठी निघाला.

मराठीत याला ‘उतरंड’ हा शब्द आहे. खालचे मडके सगळ्यांचे ओझे घेते आणि वरच्यात लोणी असते. या नऊ श्रेणी जरा बारकाईने पाहा. बायबलात प्रत्यक्ष कामे कोण करतो? हागारेला गाठणे, मरियेला निरोप देणे, रात्रपाळीत मेंढरे राखणाऱ्या धनगरांना बातमी सांगणे, तुरुंगातून पेत्राला सोडविणे : सगळे देवदूतांनी केले. ते नवव्या, शेवटच्या पायरीवर. मीखाएल लढाया लढतो, तो आठवीवर. आणि एका अध्यायात एकदा दिसणारे सराफीम पहिल्या पायरीवर! उलट प्रकटीकरणाच्या शेवटी योहान दूताच्या पाया पडू लागतो, तर दूत त्याला म्हणतो, असे करू नको, मी तुझ्यासारखाच एक दास आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘बरोबरीचा दास’ असा आहे. हे वाक्य माडी बांधणाऱ्याने वाचले नव्हते असे कसे म्हणावे?

मध्ययुगात ही उतरंड युरोपभर मान्य झाली. स्वर्गात पायऱ्या आहेत, तेव्हा पृथ्वीवर राजा, सरदार, कुळे अशा पायऱ्या असणे ईश्वरी आहे, असा तिचा उपयोगही झाला. यहुदी पंडित मैमोनिदेस याने बाराव्या शतकात दहा श्रेणी सांगितल्या. तेराव्या शतकात थोर पंडित थॉमस अक्वायनस याने तर सिद्ध केले की, देवदूताला शरीर नसल्यामुळे एका जातीचे दोन देवदूत असूच शकत नाहीत. प्रत्येक देवदूत ही एकेक स्वतंत्र जात. जातींची संख्या वाढविण्यात आपल्यालाही मागे टाकणारा हा सिद्धान्त आहे. 1900 साली ज्या साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकरांचे नाव घातले गेले, त्या गावात ही गोष्ट सांगताना आम्हाला त्यांचा ‘श्रेणीबद्ध विषमता’ हा शब्द आठवल्याखेरीज राहत नाही. फरक हा की, देवदूतांच्या श्रेणीत जन्म नाही, विटाळ नाही. पण खालच्याने वरच्याला ओलांडू नये हा नियम तोच.

सोळाव्या शतकात लूथर आणि कॅल्व्हिन यांनी हा नऊ मजली वाडा नाकारला. बायबलात नाही ते आम्हाला नको, एवढे त्यांचे म्हणणे. त्यामुळे महाराष्ट्रात देवदूत आले ते दोन वाटांनी. पहिली वाट गोव्याची. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यास आले. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली छापले गेले. रोमन लिपीत, पण भाषा मराठी, आणि ओव्या जवळजवळ 11,000. त्यात माणसाच्या आधी देवदूतांची उत्पत्ती आणि लूसिफेराचे बंड येते, आपल्या पुराणांत देव-दानव येतात त्या थाटाने. दुसरी वाट छापखान्याची. विल्यम कॅरी यांनी श्रीरामपुराहून 1811 साली मराठी नवा करार काढला, अमेरिकन मिशनने 1826 साली मुंबईत आपला काढला. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेले संपूर्ण भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर 1924 साली बाहेर आले. 1852 साली रॉयल वाइल्डर कोल्हापुरास आले, साताऱ्यातही अमेरिकन मिशनचे ठाणे झाले, डॉ. वानलेस 1889 साली आले आणि 1894 साली मिरजेचे रुग्णालय उभे राहिले. ही सारी मंडळी नऊ श्रेणी न मानणारी. म्हणून कृष्णाकाठच्या ख्रिस्ती माणसाला देवदूत ठाऊक असतो, करूब ठाऊक असतो, पण ‘सिंहासने’ आणि ‘अधिपती’ हे देवदूतांचे वर्ग आहेत असे सांगितले तर तो चमकतो.

रेव्हरंड नारायण वामन टिळक आयुष्याच्या अखेरीस साताऱ्यास येऊन राहिले. 1917 साली त्यांनी येथे एक मंडळी काढली. तीत बाप्तिस्मा घेतलेल्यांनी आणि न घेतलेल्यांनीही बरोबरीने यावे, असा त्यांचा विचार होता. मिशनच्या चौकटीत तो मावणारा नव्हता. तिला नाव दिले ‘देवाचा दरबार’. साताऱ्याने छत्रपतींचा दरबार पाहिला होता. 1848 साली कंपनी सरकारने राज्य खालसा केल्याला तेव्हा 69 वर्षे झाली होती. मानकरी, हुजरे, चोपदार हे शब्द अजून लोकांच्या तोंडी होते. टिळकांच्या दरबारात यांतले कोणतेच पद नव्हते. 9 मे 1919 रोजी टिळक मुंबईत वारले.